पेठला गेलेलं काम

सातपूर
७ जुलै १९८१

प्रिय चिमणा,
सप्रेम जयभीम.

तू गेलीस आणि तुझ्या अंथरुणाचा कोपरा रिकामा झाला. मला तो बघवेना, म्हणून तिथे तांदळाचा डबा सरकवला. आता तो डबा बघवत नाही. तुझा मल्हारीदाजी म्हणतो, "सहा महिने शिकायला आलेली पोरगी ती. तू तर लेक सासरी धाडल्यासारखी फिरतेस घरभर." त्याला काय कळतंय.

अगं, इथेच राहिली असतीस तर? कंपनीने पेठ-हरसूलच्या मुली शिकायला आणल्या तेव्हा आम्ही वाइंडिंगच्या बाया हसलो होतो. म्हटलं, यांना कॉइल म्हणजे काय ते सांगेपर्यंत पावसाळा उजाडेल. आणि तू तर तिसऱ्या महिन्यात माझ्याइतकी सफाईने तार गुंडाळायला लागलीस. साहेबांनी तुला इथे ठेवून घेतलंही असतं. एखाद-दोन वर्षांत कायम झाली असतीस. मी सात वर्षं टेम्पररीच आहे, पण माझं सोड, माझं तोंड आड येतं.

पेठची ती सरकारी शेड खरंच उघडली का? की नुसती पाटी लागलीय? बारकूबाबांना नमस्कार सांग. आणि रोज काहीतरी खात जा, उपाशी हात थरथरतो.

तुझी,
यशोदाताई

•

पेठ
२६ जुलै १९८१

यशोदाताईस,
चिमणाचा नमस्कार.

शेड उघडली. पाटीपण लागली. पत्रे नवे आहेत, पाऊस पडला की आत कोणाला कोणाचं ऐकू येत नाही. मग आम्ही खुणांनी बोलतो. विजेचे खांब शेडपर्यंत आलेत, तार मात्र करंजाळीच्या पुढे आलेली नाही. हाताने फिरवायची यंत्रं आहेत म्हणून काम होतं. कॉइल तपासायला मात्र पुंजारामच्या जीपची बॅटरी लागते. पुंजाराम म्हणजे आमचा ड्रायव्हर. तो म्हणतो, बॅटरी उतरली तर जीप तुम्ही ढकला. आम्ही ढकलतो.

बाया दहा आहेत. म्हातारी भागीबाई आहे, तान्हं पोर घेऊन येणारी मैना आहे. माझा बा रोज दारात उभा राहून बघतो. काल म्हणाला, "आवणीचे दिवस, भात लावायचा सोडून बाया अठं सावलीला बसून दोरा गुंडाळतात. हे काय काम हाय?" भागीबाई म्हणाली, "बारकू, तू बस. बोट कापलं का कळंल काम हाय का नाय."

ताई, तुला खरं सांगते, मी इथे का आले ते. दिवाळी झाली की आमच्या गावात माणूस दिसत नाही. मुकादमाचा टेम्पो येतो आणि घरंच्या घरं उचलून नेतो, द्राक्षाला, वीटभट्टीला. मी शाळेत असताना दर वर्षी अर्धा वर्ग रिकामा व्हायचा. मला एकदा तो टेम्पो रिकामा गेलेला बघायचा आहे.

पण काम फार थोडं येतं. आठवड्याचं काम तीन दिवसांत संपतं. मग बाया माझ्या तोंडाकडे बघतात. कंपनीत कोणाला सांगता येईल का?

पावसाळी हवेने तार चिकट होते. काय करू?

तुझी,
चिमणा

•

सातपूर
३० ऑगस्ट १९८१

प्रिय चिमणा,

तारेला कोरडं फडकं, हाताला शंखजिरं. आणि रीळ जमिनीवर ठेवू नका, उंच टांगा.

आता ऐक, कसली बातमी आहे ती! परवा मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता माझ्या तोंडाचा निकाल लागतो. तर आत उद्योगवाले सरकारी साहेब बसलेले. मागास तालुक्यात काम दिलं तर कंपनीला कसली कसली सवलत मिळते म्हणे. मॅनेजर म्हणाले, "यशोदाबाई, तुम्ही शिकवलंत त्या मुलींना. कोणतं काम बाहेर देता येईल?"

मी म्हटलं, "साहेब, लहान कॉइल सगळ्या द्या. चिमणाचा हात माझ्यापेक्षा हलका आहे." ते म्हणाले, "आणि मोठ्या?" मी म्हटलं, "सहा महिन्यांत मोठ्याही करतील."

ते सरकारी साहेब हसले आणि लिहून घेतलं. चांगला माणूस वाटला. मला म्हणाला, "बाई, तुमच्यासारखी माणसं असली तर डोंगरातसुद्धा कारखाने उभे राहतील." मी घरी येईपर्यंत जमिनीवर नव्हते. शेजारच्या शकुबाईला अंगणातूनच ओरडून सांगितलं. मल्हारीने फक्त एवढंच विचारलं, "लहान तिकडे, मोठ्या तिकडे, मग तुमच्याकडे काय?" मी म्हटलं, कंपनी वाढतेय, दुसरं काहीतरी येईल. तो असाच आहे, सणाच्या दिवशी आजारपण काढणारा.

तयारीला लाग. बाया वाढव.

तुझी,
यशोदाताई

•

पेठ
५ डिसेंबर १९८१

यशोदाताईस,
नमस्कार.

पत्राला उशीर झाला, कारण हातच मोकळा नव्हता. जीप भरून रिळं येतात आणि जीप भरून कॉइल जातात. आता आम्ही पंचवीस बाया आहोत. हरसूलकडच्या दोघी इथे खोली घेऊन राहिल्यात.

दसऱ्याच्या आधी वीज आली. दिवा लागला तेव्हा मैनाचं पोर घाबरून रडायला लागलं आणि आम्ही सगळ्या हसलो. भागीबाईने दिव्याला हात जोडले. मग म्हणाली, "आता याचं बिल कोन भरंल?"

आणि ताई, मुकादमाचा टेम्पो आला. शेडच्या समोर उभा राहून हॉर्न वाजवत राहिला. पंचवीसपैकी एकही बाई उठली नाही. मुकादम आत आला, म्हणाला, "बसा बसा. सरकारचं काम हाय हे, आज हाय उद्या नाय. तेव्हा माझ्याकडंच याल." टेम्पो अगदी रिकामा गेला नाही, पण अर्धा गेला. या घरांतली पोरं शाळेत आहेत. गुरुजी सांगायला आले की वर्ग इतका भरलाय, मागच्या पोरांना फळा बघायला माना उंच कराव्या लागतात.

बा आता दारात उभा राहत नाही. काल आत येऊन बसला आणि रीळ टांगायला दांडी ठोकून दिली.

हे सगळं तुझ्यामुळे झालं. तुझ्या खात्यात आता कोणतं नवं काम आलं? मोठ्या कॉइलसुद्धा आमच्याकडे पाठवणार असं पुंजारामला स्टोअरमध्ये कळलं. तू त्याबद्दल काही लिहिलं नाहीस.

संक्रांतीला ये. दाजींना पण आण.

तुझी,
चिमणा

•

सातपूर
२० जानेवारी १९८२

प्रिय चिमणा,

संक्रांतीला जमलं नाही. माझं खातं बदललं आहे, वेळा बदलल्या आहेत. सकाळी लवकर जावं लागतं, संध्याकाळी पाठ धरते. बाकी सर्व ठीक. मोठ्या कॉइलना तार दोनदा ताण देऊन घ्या, नाहीतर मधला थर सैल राहतो.

मल्हारी बरा आहे. तू इकडे यायची घाई करू नकोस, मी घरी सापडणार नाही.

यशोदा

•

पेठ
३ मार्च १९८२

यशोदाताई,

मी काल सातपूरला आले होते. तू नकोस म्हणालीस तरी आले. पुंजारामबरोबर माल उतरवला आणि तुझ्यासाठी नागलीचं पीठ घेऊन वाइंडिंगमध्ये गेले. दिवे बंद होते. स्टुलं एकावर एक उलटी रचून ठेवलेली. मला वाटलं, जेवणाची सुट्टी असेल. स्टोअरवाला म्हणाला, "हे खातं जानेवारीतच बंद झालं. आता तुमचाच माल येतो ना."

तुमचाच, म्हणाला.

मग घरी गेले. कुलूप होतं. शकुबाई म्हणाली, "यशोदा मखमलाबादला गेलीय, द्राक्षाला. तीस-बत्तीस जणींना कमी केलं, त्यातल्या सहा-सात जातात. उजाडायच्या आत टेम्पो येतो." पीठ तिच्याकडे ठेवलं.

आमच्या बाया ज्या टेम्पोतून उतरल्या, त्यात तू चढलीस, ताई. आणि मला लिहिलंस, खातं बदललं.

परत आल्यावर मी बायांना सगळं सांगितलं. म्हटलं, मोठ्या कॉइल परत पाठवू. कोणी बोलेना. पाऊस नव्हता तरी कोणी बोलेना. शेवटी भागीबाई म्हणाली, "दे म्हनशील तर देऊ. पन मग निम्म्या बाया कोनत्या जातील, ते तूच सांग. नाव घेऊन सांग." मी मैनाकडे बघितलं. ती पोराला पाजत होती, तिने मान वर केली नाही.

मला नाव घेता आलं नाही. पण मी मॅनेजर साहेबांना सांगणार आहे. तू हो म्हण फक्त.

चिमणा

•

सातपूर
९ मार्च १९८२

चिमणा,

हो म्हणणार नाही. तुझ्या बायांच्या तोंडातलं काढून माझ्या ताटात वाढू नकोस, मला ते गिळणार नाही.

आणि आता विचारतेस तर खरं ऐक. मी तुला शिव्या दिल्या. तोंडावर नाही, स्टोव्हपुढे बसून. म्हटलं, घरात ठेवलं, हाताला धरून शिकवलं, आणि हिनेच स्टूल ओढून घेतलं. मग आठवायचं की साहेबांसमोर नाव मीच घेतलं होतं. मग मला स्वतःचाच राग यायचा. मग पुन्हा तुझा. द्राक्षाचे घड तोडायला मान वर करून दिवसभर उभं राहायचं असतं, तुला ठाऊकच आहे. मान वर असली की डोक्यात नाही नाही ते येतं.

मल्हारी एक बोलला, ते मात्र मला पटलं. म्हणाला, "एका ताटातली भाकरी उचलून दुसऱ्या ताटात ठेवायची, आणि भाषणात सांगायचं, बघा, आता दोन ताटं झाली!"

आता नीट वाच. येत्या सोमवारी आम्ही सगळ्या कंपनीच्या गेटवर बसणार. युनियनचा सहादूभाऊ बरोबर आहे. तुमचा माल आत जाऊ द्यायचा नाही असं ठरलंय. त्याशिवाय कंपनी ऐकणार नाही. तुमची जीप येईल तेव्हा मी समोर उभी असेन. बाया चिडलेल्या आहेत. मंगलाबाईच्या घरात तर कमावणारं दुसरं माणूस नाही, ती काय करील सांगता येत नाही.

तू येऊ नकोस. पुंजारामला एकट्याला पाठव. तुझ्यासमोर मला उभं राहता येणार नाही आणि बाजूला होता येणार नाही.

यशोदा

•

पेठ
२० मार्च १९८२

यशोदाताईस,
नमस्कार.

त्या दिवशी गर्दीत तू विचारलंस, "कशाला आलीस?" तेव्हा बोलता आलं नाही. आता लिहिते.

मी पुंजारामला एकट्याला पाठवणारच होते. जीप सुरू झाली आणि मला वाटलं, ताईच्या समोर नुसतं यंत्र जाऊन उभं राहील, माणूस नसेल. मी चढले. सावळघाट उतरेपर्यंत मी देवाला म्हणत होते, जीप बिघडू दे. एरवी रोज बिघडते.

गेटजवळ आलो तेव्हा आधी आवाज आला. "आमचं काम परत द्या!" मग मंगलाबाईने बॉनेटवर हात आपटला. कोणीतरी ओरडलं, "ह्याच त्या, भाकरी पळवणाऱ्या!" पुंजाराम म्हणाला, "बाई, मागं घेतो गाडी." मागे बघितलं तर मागेही बाया. आणि तू समोर. दोन्ही हात पसरून. तुझा चेहरा मी ओळखला नाही आधी. उन्हाने इतका काळवंडलेला.

मी उतरले. मला वाटलं, तू मारशील. मारलं असतंस तर मला सोपं गेलं असतं. तू म्हणालीस, "उन्हात काय उभी राहतेस? बस." सवयीने म्हणालीस, मला कळलं. तुझ्या तोंडून निघून गेलं. पण मी बसले. तुझ्या आणि मंगलाबाईच्या मध्ये.

मग घोषणा कोणाच्या नावाने द्यायची, ते कळेना. सहादूभाऊ म्हणाले, "बाई, तुम्ही कुठल्या बाजूच्या?" मी म्हटलं, "मी वाइंडिंगची."

दुसरं काही सुचलं नाही.

संध्याकाळपर्यंत जीप तिथे माल घेऊन उभी राहिली ते तू पाहिलंसच. परत येताना पुंजाराम घाट चढल्यावर म्हणाला, "उद्या माझी नोकरी जाईल. जाऊ दे."

इकडे सगळं ठीक आहे. केंद्र चालू आहे. काळजी करू नकोस.

तुझी,
चिमणा

•

सातपूर
६ एप्रिल १९८२

खोटारडे,

सगळं ठीक म्हणे! परवा ते सरकारी साहेब माझ्या घरी आले होते. होय, तेच, डोंगरात कारखाने उभे करणारे. खाटेवर बसले, मी शकुबाईकडून साखर आणून चहा केला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "यशोदाबाई, पेठच्या केंद्रावर एक जागा रिकामी आहे. शिकवण्याची आणि देखरेखीची. राहायला खोली. तुमच्याइतकं लायक दुसरं कोणी नाही."

मी म्हटलं, "तिथे तर आमची चिमणा आहे."

ते कपाकडे बघत राहिले. म्हणाले, "त्यांनी त्या दिवशी माल पोचवायचा सोडून धरण्यात भाग घेतला. कंपनीने लेखी कळवलं. माझा नाइलाज झाला."

मी त्यांच्यासमोरची बशी उचलून मोरीत ठेवली.

चिमणा, मी तुझी मोठी बहीण म्हणवते तर खरंच सांगायला हवं. मी त्याच क्षणी नाही म्हटलं नाही. मल्हारीच्या कारखान्यात आठवड्याला तीनच दिवस काम आहे. द्राक्ष संपलं. साहेब गेल्यावर मल्हारी बराच वेळ चपलेचा अंगठा दाबत बसला आणि म्हणाला, "हो म्हण." मी म्हटलं, "तिच्या जागेवर?" तो म्हणाला, "ती बसलीच होती ना तुझ्या जागेवर?"

दोन दिवस मी घरातल्या घरात फिरतेय. एकदा वाटतं जावं, एकदा वाटतं आपल्या तोंडावर थुंकावं. तू का लपवलंस ते सांग. आणि मी काय करू ते सांग.

यशोदा

•

पेठ
१२ एप्रिल १९८२

यशोदाताईस,

लपवायचं तुझ्याकडूनच शिकले.

मला काढलं हे खरं आहे. पुंजारामलाही. तो आता बाजाराची जीप चालवतो. मी बाच्या बरोबर शेतावर राब भाजायला जाते, भाताच्या रोपांची जमीन पालापाचोळा जाळून तयार करायला. धुराने डोळे चुरचुरतात, पण हे काम कोणी काढून घेत नाही, हे एक बरं.

शेडमध्ये बाया येतात, बसतात, यंत्रं फिरवतात, पण माल तयार होत नाही. मी त्यांना सांगितलं, असं करू नका, काम जाईल. भागीबाई म्हणते, "हात चालत नाय त्याला आमी काय करू? म्हातारपन हाय." मैना वीस वर्षांची आहे, तिचंही म्हातारपणच आहे म्हणे.

तू ये. ती जागा घे. मी मनापासून लिहिते. तू नाही घेतलीस तर कोणी अनोळखी येईल आणि बायांवर ओरडेल. त्यांना ओरडलेलं सहन होत नाही, त्या भांडत नाहीत, उठून निघून जातात आणि थेट मुकादमाच्या टेम्पोत बसतात. तू ओरडतेस, पण तुझं ओरडणं वेगळं आहे.

मी बायांना तसं सांगून ठेवते.

चिमणा

•

सातपूर
१९ मे १९८२

प्रिय चिमणा,
सप्रेम जयभीम.

तुला कळलंच असेल, तरी माझ्याकडून ऐक.

तुझं पत्र आलं आणि माझी येरझार थांबली. तू ये म्हणालीस म्हणूनच मला येता येईना. सरकारी साहेबांच्या ऑफिसात जाऊन नाही म्हणून आले. घरी येऊन मल्हारीला सांगितलं. दोन दिवसांनी तो म्हणाला, "मी असतो तर हो म्हटलं असतं." खरं बोलला, मला बरं वाटलं.

मग साहेब आमच्या बायांच्या दारोदार फिरले. मी कोणालाही काही शिकवलं नव्हतं, शपथेवर सांगते. मला तर वाटलं होतं, पहिलीच हो म्हणेल. शकुबाईच्या जावेने दारातूनच सांगितलं, "त्या पोरीला काढून? नाही जमायचं." दुसरीने दुखणं काढलं. तिसरी म्हणाली, नवरा पाठवत नाही. तिच्या नवऱ्याला ते मागाहून कळलं. गेटवर तुला पाहिलं होतं ना सगळ्यांनी.

फक्त मंगलाबाई हो म्हणाली. तिच्यावर कोणी बोट ठेवलं नाही. दोन पोरांना घेऊन ती पेठला आली आणि चौथ्या दिवशी परत. मी विचारलं, "त्रास दिला का?" ती रडायला लागली. "त्रास देतील तर बरं. दोन्ही वेळेला जेवायला बोलावतात. पोरांना न्हाऊ घालतात. शेडमध्ये मात्र एकही हात चालत नाही. तिसऱ्या दिवशी त्या म्हातारीने मला घर दाखवलं, 'ही अठं राहते चिमणा.'"

तोवर कंपनीतला साठा संपला. इथलं खातं मोडलेलं, तिथले हात थांबलेले. जोडणीची लाईन बंद पडली तेव्हा मॅनेजर साहेबांनी सहादूभाऊला निरोप धाडला. ठरलं ते असं: लहान कॉइल पेठकडेच राहणार आणि तू परत. पुंजारामसुद्धा. मोठ्या कॉइल पुन्हा इथे, पण बारा जणींनाच घेणार. पहिलं नाव मंगलाबाईचं, आम्हीच घालायला लावलं.

माझं नाव नाही. मॅनेजर साहेबांना माझं तोंड नको आहे. सहादूभाऊ म्हणाला, "तुझ्यासाठी अडून बसू." मी म्हटलं, बारा पोटं माझ्या नावावर टांगू नकोस.

पण चिमणा, पहिल्या दिवशी बारा जणी गेटमधून आत गेल्या आणि मी बाहेर उभी राहून हात हलवला, तो हात मला खाली घेता येईना.

तू रुजू हो. बायांना माझा जयभीम.

यशोदाताई

•

पेठ
२४ ऑक्टोबर १९८२

यशोदाताईस,
नमस्कार.

पाच महिन्यांत तुझी दोनच कार्डं आली. शकुबाई सांगते, तू कधी पॅकिंगला जातेस, कधी कोणाच्या मळ्यात. एका ठिकाणी महिनाभर टिकत नाहीस म्हणे.

मोठ्या कॉइल गेल्यावर इथलं काम कमी झालं. सगळ्यांनी ठरवलं, कोणी जायचं नाही, पाळीपाळीने यायचं. म्हणून सगळ्यांचं थोडं अपुरं आहे. त्यातल्या तिघी दिवाळीनंतर टेम्पोने जाणार. मी अडवलं नाही.

आता एक मागणं आहे. सरकार सुरगाण्याला असंच केंद्र काढतंय. इलेक्ट्रिकची बटणं जोडायचं काम आहे. साहेब माझ्याकडे येऊन म्हणाले, "शिकवायला कोणी सुचवा. या वेळी तुम्हाला विचारूनच करतो." मी तुझं नाव दिलं. ते म्हणाले, "त्या येतील?"

नाही म्हणण्याआधी दाजींशी बोल. त्यांच्याजोगं कामही निघेल तिथे. सुरगाण्याला थंडी फार आहे, पण माणसं आमच्यासारखीच.

तुझी,
चिमणा

•

सातपूर
१ नोव्हेंबर १९८२

प्रिय चिमणा,

मल्हारीने पत्र वाचून ट्रंक खाली काढली. त्याचं उत्तर तुला कळलं.

मला यायचं आहे. खोटं कशाला सांगू, तुझं पत्र आल्यापासून मी मनाने सुरगाण्यातच आहे. शेड कशी असेल, उजेड कुठून येईल, बाया कुठे बसवायच्या, सगळं डोळ्यांपुढे फिरतंय. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हातांना काहीतरी हवंसं वाटतंय.

पण एक विचारून कळव. ती बटणं आज कोण जोडतंय? कुठेतरी कोणीतरी जोडतच असेल ना? गेल्या वेळी मल्हारीने मला विचारलं होतं, मग तुमच्याकडे काय? आणि मी ते उडवून लावलं होतं. या वेळी मी आधी विचारते.

त्याचं उत्तर आल्याशिवाय मी ट्रंक भरणार नाही. मल्हारी भरील, ते वेगळं.

यशोदाताई

•

पेठ
११ नोव्हेंबर १९८२

यशोदाताईस,
नमस्कार.

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "नवं केंद्र आहे, काम नवीनच की." मी म्हटलं, "केंद्र नवं, पण काम?" मग त्यांनी कागद चाळले. कारखानदाराचं नाव होतं, पत्ता होता. आज ते काम कोण करतं, ते कुठेच नव्हतं. त्यांना वाईट वाटलं असावं. म्हणाले, "हे विचारायचं असतं, असं आम्हाला कोणी सांगितलंच नाही. चौकशी करून कळवतो."

मी म्हटलं, "तुम्ही नका करू. तुम्ही गेलात तर त्या घाबरतील."

पुंजारामने दोन दिवसांत शोधून काढलं. देवळालीगावात एका गल्लीत दहा-पंधरा बाया घरी बसून ती बटणं जोडतात. मधला एक माणूस पेट्या आणतो आणि नेतो. काम सुरगाण्याला जाणार आहे, हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

सुरगाण्यात तीस बाया नाव देऊन बसल्यात, ताई. त्यांनाही हे कोणी सांगितलेलं नाही.

मी शनिवारी पहिल्या एसटीने येते. तू स्टँडवर ये, तिथून आपण देवळालीगावला जाऊ. साहेबांना म्हटलं आहे, आम्ही दोघी परत येईपर्यंत सुरगाण्याच्या कागदावर सही करू नका. ते बरं म्हणाले, पण सोमवारपर्यंतच.

त्या बायांना काय सांगायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. घाटभर विचार करीन. तूही करून ठेव. शिव्या दिल्या तर तू पुढे हो, तुला उत्तरं येतात. आत या म्हणाल्या तर मी आधी जाईन.

तुझी,
चिमणा